कॅप्टनबाईंचं लाकडी मैदान

डॉक्टरांनी कॅप्टनबाईंच्या गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून बराच वेळ न्याहाळले. सिमेंटवर पुन्हा बास्केटबॉल खेळलात तर पुढच्या वेळी उचलून आणावं लागेल, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. पायाखाली दबणारं लाकूड असेल तर गोष्ट वेगळी. बाईंनी तेवढं शेवटचं वाक्य घरी आणलं. त्यांचा कॉलेजातला संघ केव्हाच आज्या होऊन बसला होता, पण बाईंनी कप्तानीचा राजीनामा दिलेला नव्हता.

जागा ठरली गॅरेजची. यजमानांनी लगेच मान डोलावली. लग्नानंतर ते इतक्या लगेच कशालाच हो म्हणाले नव्हते, तेव्हा बाईंना संशय यायला हरकत नव्हती.

वखारीत बाईंनी पिशवीतून चेंडू काढला. फळी ठोकून, हुंगून, नखाने खरवडून बघणारी गिऱ्हाइकं वखारवाल्याला सवयीची होती. फळीवर चेंडू आपटून कान टवकारणारं हे पहिलंच. पाइन गोरंगोमटं, पण बाईंनी टाच रोवताच त्याच्या गालावर खळी पडली. सागवान देखणं, पण अंगचं तेलकट. मेपल दिसायला अगदीच मिळमिळीत. चेंडू मात्र दर वेळी मुकाट हातात परत आणून देत होतं.

यजमानांचं मत सागवानाला. वाळवी लागत नाही, पाहुण्यांत शोभतं, आणि मुख्य म्हणजे थेट जमिनीला चिकटवलं की काम संपलं. ‘थेट जमिनीला’ हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बाईंनी मेपलची फळी सिमेंटवर टाकून उडी मारली. गुडघ्यांतून कळ गेली. मग त्यांनी तीच फळी दोन पट्ट्यांवर आडवी ठेवली आणि पुन्हा उडी मारली. फळी किंचित वाकली, तिने बाईंना झेललं आणि अलगद वर पाठवून दिलं.

"मेपल," बाई सोबत आणलेल्या सुताराला म्हणाल्या. "खाली पट्ट्या, पट्ट्यांखाली रबर."

म्हणजे जमीन चार बोटं वर येणार आणि आतून पोकळ राहणार, असं सुताराने समजावलं, तसा यजमानांचा चेहरा पडला. मग खरं काय ते बाहेर आलं. दिवसा चेंडू आणि रात्री गाडी, असा त्यांचा मनातल्या मनात तह झालेला होता. सागवानावर गाडी उभी राहिली असती. या पोकळ मेपलचं ती एका रात्रीत तळघर करून दाखवणार होती.

पुढे घरात वाटाघाटी चालल्या. यजमानांनी गाडी बाहेर ठेवण्याविरुद्ध ऊन, पाखरं, गल्लीतल्या पोरांची नखं असे सगळे साक्षीदार उभे केले. निदान पुढची दोन चाकं तरी आत घेऊ, इथवर ते खाली उतरले. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडीला गुडघे नसतात."

यजमान उत्तर द्यायला तावातावाने उठले. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला, तो दोघांनीही पाहिला. यजमान गुडघा चोळत पुन्हा खाली बसले.

सकाळी त्यांनी स्वतःच गाडी बाहेर काढली. तिलाही जरा मोकळी हवा हवी, असं त्यांनी सुताराने न विचारताच त्याला सांगितलं आणि नव्याकोऱ्या आवरणाच्या दोऱ्या आवळत बसले.

दुपारपर्यंत कोपऱ्यात जेमतेम खाटेएवढ्या फळ्या बसल्या. रिंग अजून खोक्यातच होती. बाई बूट बांधून आल्या, भिंतीवरच्या खडूच्या खुणेवर नेम धरला आणि उडाल्या. खाली आल्या, जागच्या जागी थांबून वाट पाहिली. गुडघे काहीच बोलले नाहीत.

"दादा, जरा सरका," बाईंनी सुताराला सांगितलं आणि चेंडू पुन्हा डोक्यावर घेतला.