चिनारची पानं

कार्तिकातली थंडी खिडकीच्या फटींतून आत येऊ लागली, तरी अब्दुल सलाम वरच्या मजल्यावरून हलायला तयार नव्हते. आसपासची सगळी घरं चूलभांड्यांसकट खालच्या उबदार खोलीत उतरली होती. हे मात्र रात्रभर वर खोकत बसायचे. मागच्या हिवाळ्यात याच खोकल्याने त्यांना इस्पितळात नेलं होतं, म्हणून तसलीमाचा जीव टांगणीला लागला होता.

"अब्बा, आज उतरायचं."

"पानं जाळली का? पानं जाळल्याशिवाय या घरात कुणी उतरलंय कधी?"

ते खरंच होतं. चिनारच्या गळलेल्या पानांचा कोळसा पाडायचा, तो कांगडीत, उबेसाठी अंगाशी धरायच्या शेगडीत, भरायचा आणि त्याच दिवशी अंथरुणं खाली आणायची, ही तसलीमाच्या आईची शिस्त होती. आई वैशाखात गेली. तिच्यामागचा हा पहिलाच हिवाळा.

तसलीमाने अंगण झाडलं, पानांचे दोन ढीग केले, एकाला काडी लावली. जळत्या ढिगावर पाणी लवकर ओतलं तर पान कच्चं राहतं, उशीर झाला तर नुसती राख, एवढं तिला ठाऊक होतं. लवकर म्हणजे किती लवकर, ते मात्र आईच्या डोळ्यांत होतं. पहिला ढीग पांढराफटक झाला.

"वा गं मास्तरीण!" कुंपणापलीकडून हाजरा मासी हसली. "पोरांना रसायनशास्त्र शिकवतेस ना?"

"मासी, पुस्तकात चिनार नाही."

वरची खिडकी धाडकन उघडली. "अगं, पाणी! सगळी माती केलीस!" अब्बा अंगातला लांब, घोळदार फिरन सावरत जिना उतरून आले. बादली उचलली, दुसऱ्या ढिगापाशी उभे राहिले. तसलीमाने काडी लावली आणि बाजूला झाली. ज्वाळा उठली, बसली, धूर दाटला. अब्बा बादली धरून तसेच उभे.

"ओता ना, अब्बा!"

ते गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "ती सांगायची. मी फक्त ओतायचो."

पस्तीस वर्षं ते त्या एका शब्दाची वाट बघत असेच उभे राहत आले होते. तसलीमाला लहानपणीचं अंगण आठवलं. आई उकिडवी बसलेली, नजर ढिगावर, एक हात वर केलेला. ती तशीच खाली बसली. कडेची पानं काळी पडून आत वळू लागली होती.

"आता!"

वाफेचा फुत्कार झाला. अर्धा कोळसा, अर्धा चिखल.

"तुझ्या आईने हे ओढ्यात फेकलं असतं," अब्बा चिमटीत एक तुकडा चुरत म्हणाले. "चालेल. भर कांगडी."

आणि ते पुन्हा जिना चढून वर गेले. तसलीमाचं मन खट्टू झालं. उतरवलेला माणूस परत वर!

इतक्यात खिडकीतून गुंडाळलेली गादी बाहेर डोकावली.

"धर गं! चिखलात पाडू नकोस. आणि उशा... दोन्ही टाकतोय."