वरच्या ओळीतलं नाव

मित्रांनो, मला पाहिलंत तर मसाल्याचा चपटा डबाच समजाल. पुढे चार दिवे, मागे दोन वायरी, डोक्यावर परवापर्यंत मनीप्लांटची बाटली. पण मी आहे पॅकेट रेडिओचा जुना डबा. राहायला अंधेरी पूर्वेला, महाकाली रोडवरच्या एका सोसायटीत, पाचव्या मजल्यावर. कॉम्प्युटरकडून अक्षरांची पुडकी घ्यायची, त्यांची किर्रकिर्र करायची आणि वायरलेस सेटच्या कानात सोडायची, एवढंच माझं काम. पुढचं गच्चीवरचा अँटेना बघतो.

मला चंद्रप्रकाशने घडवलं, १९९४ साली, सुटे भाग जमवून. तो डाग द्यायचा आणि त्याची बायको नलिनी बॅटरी धरायची. "घर पेटवाल एक दिवस," ती म्हणायची. घर पेटलं नाही, माझा दिवा पेटला.

मग काय विचारता! खाडीपलीकडे मढला अनंत नावाचा त्याचा दोस्त. इकडून मी पुडकी फेकायचो, तिकडून तो झेलायचा. एकदा वेसाव्याच्या खाडीवर माझं एक पुडकं बगळ्याला लागलं, तर तो बगळा दिवसभर दर दहा मिनिटांनी किर्र करत होता. खोटं वाटत असेल तर अनंतला विचारा. तो याहून मोठं खोटं सांगेल. पण २००५च्या पुराचं खरं आहे. फोन मेले होते, तेव्हा "पोचलो, काळजी नको" असे एकशे बारा निरोप माझ्यातून गेले. सोसायटीने चंद्रप्रकाशला शाल दिली आणि मला हळदकुंकू लावलं. कुंकू आत गेलं. तिसरा दिवा तेव्हापासून अडखळतो.

सात महिन्यांपूर्वी चंद्रप्रकाश गेला. नलिनी रडली नाही. तिने माझं बटण बंद केलं, वर मनीप्लांट ठेवला आणि चहा करायला गेली. तो चहा तिने प्यायला नाही. नंतरचेही बरेच तसेच राहिले. माझ्यावर धूळ बसली. मला काही वाटलं नाही, आणि तिलाही काही वाटत असावं असं दिसलं नाही. आम्ही दोघं एका खोलीत बंद होतो.

मग सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत आले. "काकू, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलंय. तो अँटेनाचा पाइप मध्ये येतो. आणि वायरलेसचं लायसन काकांच्या नावावर. आता काका नाहीत, मग पाइप कोणासाठी ठेवायचा?"

"माझंही लायसन आहे," नलिनी म्हणाली.

श्यामकांतना हसू आलं. "तुमचं? कधी वापरलंत?"

"नाही वापरलं."

"मग रविवारी अकराला येतो. तुमच्या नावाने चालवून दाखवा. नाही चाललं तर सोमवारी पाइप उतरवतो."

लायसन खरंच होतं. चंद्रप्रकाशने हट्टाने तिला परीक्षेला बसवलं होतं. ते साड्यांखालून निघालं. त्यावर तिचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं सरकारी नाव.

शनिवारी तिने मनीप्लांट उचलला. "मेल्या, चालतोस का बघू," मला म्हणाली आणि बटण दाबलं. तीन दिवे लागले. राहिलेला तो तिसरा थोड्या वेळाने, मन मारून.

आता कॉम्प्युटर लिनक्सवाला. त्यात पोर्टांची, म्हणजे रेडिओकडे जायच्या दारांची, एक फाइल असते. पोर्टाला एक ओळ: आधी पोर्टचं नाव, मग कॉलसाइन, मग वेग, मग एका पुडक्यात अक्षरं किती, एका दमात पुडकी किती. चंद्रप्रकाशच्या ओळीत पोर्टचं नाव होतं "घर". नलिनीने त्याच्याखाली आपली ओळ लिहिली. कॉलसाइन स्वतःचा टाकला. पोर्टचं नाव मात्र पुन्हा "घर"च. दुसरं काय ठेवायचं, हे तिला सुचलंच नाही.

कॉम्प्युटर कुरकुरला: एकच नाव दोनदा, दुसरी ओळ सोडली. ते पडद्यावर स्पष्ट आलं होतं. नलिनीने ते वाचलंही. पण हल्ली ती जे वाचायची ते आत पोचत नसे.

रविवारी अकराला श्यामकांत खुर्चीत बसले. नलिनीचा चहा तिच्यासमोर तसाच होता. नलिनीने टाइप केलं, आवाज येतोय का? मी किर्र केलं. मढला गेलं.

मिनिटभराने फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. अनंत होता.

"वैनी..." तो थांबला. "माझ्या स्क्रीनवर चंद्रप्रकाश आलाय."



"काय म्हणतोय?" नलिनीने विचारलं. सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं.

"विचारतोय, आवाज येतोय का."

श्यामकांत उठले. "बघा काकू. अजून काकांच्याच नावाने चाललंय. हे तर बेकायदेशीर ना? मी पाइपवाल्याला फोन करतो."

"थांबा ओ सेक्रेटरी, बसा जरा!" अनंत फोनमधून ओरडला. "वैनी, फाइल उघडा. वरची ओळ आहे ना त्याची? कॉम्प्युटर पहिलीच धरतो. डिलीट मारा. झालं."

तिने फाइल उघडली. बोट डिलीटवर ठेवलं. मी पाहत होतो, म्हणजे माझे साडेतीन दिवे पाहत होते. बोट तिथेच राहिलं. श्यामकांतनी घड्याळाकडे पाहिलं.

"मारलं का?"

"नाही."

"वैनी..."

"ते म्हणायचे, ओळीच्या आधी हॅशची खूण लावली की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही," नलिनी म्हणाली. "माणसाला मात्र वाचता येते."

तिने ओळीच्या सुरुवातीला जाऊन ती छोटी जाळी टाइप केली. फाइल जतन केली. पोर्ट बंद करून पुन्हा जोडला. या वेळी कॉम्प्युटर कुरकुरला नाही. तिने पुन्हा तेच विचारलं. मी किर्र केलं.

उत्तर पडद्यावर तिच्या कॉलसाइनच्या नावाने उतरलं: येतोय वैनी. स्पष्ट. मढ.

श्यामकांतनी वाकून दोनदा वाचलं. लायसनशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "पाइपाभोवतीने डांबर घ्यायला सांगतो."

"हं," नलिनी म्हणाली. मग तिने समोरचा गार झालेला चहा उचलला आणि संपवला.

आता रोज सकाळी ती मला सुरू करते. कॉम्प्युटर फाइल वाचतो, पहिल्या ओळीपाशी येतो, खूण बघतो आणि आवाज न करता पुढे जातो. नलिनी मात्र तिथे जरा थांबते.

मित्रांनो, घरातला एखादा जुना डबा बंद पडला म्हणून लगेच भंगारात देऊ नका. आधी त्याच्यावरची बाटली उचला. धूळ पुसा. फडकं कोरडं घ्या, आणि कुंकू लावायचंच असेल तर बाहेरून लावा.