साहेबाच्या नळाले माह्या पंपाची मोटर

माह्या पऱ्हाटीत, म्हंजे कपाशीत, गुलाबी अळी पडली तवा कोनी फिरकलं नाई. बीटीच्या पाकिटावर छापेल होतं का अळी येनार नाई. अळीले वाचता येत नाई, हे त्या कंपनीवाल्याच्या ध्यानात आलं नसन. बोंड फोडलं का ते आत अशी लोळत पडेल, जसा सासुरवाडीले आलेला जावाई.

वरून हुकूम, पंचनामा होईपर्यंत पऱ्हाटी मोडू नका. बरं म्हनलं. महिना झाला. पऱ्हाटी उभी, मी उभी, अळी मातर बसून खाऊन राह्यली. जमिनीतली ओल रोज खाली सरकून राह्यली. हरभऱ्याचं बी घरात तयार. दोन दिवसात पेरलं तं निघन, नाईतं दोन एकरात या साली काईच नाई. पन पेरू कशी? पंचनामा कुठं हाय?

अन मंग आली पंचनाम्याच्या साहेबाची गाडी.

गाडी कायची, चाकावरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, आंघोळीले शावर. बाहेरून हातहातभर अक्षरात लिहेल, 'शेतकऱ्याच्या बांधावर'. अन इतकी रुंद का बांधावर जाऊच शके नाई! धामणगाव बढ्याच्या अलीकडं, डांबरी रोडवर, माह्या वावराच्या तोंडाशी उभी राह्यली. पंचनाम्याच्या यादीत माह्यं नाव शेवटचं, अन सांजच्याला यादी बंद.

मी सकाळी आठ वाजता किडक्या बोंडाच्या दोन फांद्या घेऊन दारात हजर. ड्रायव्हर सहदेव, हिवरा आश्रमाकडचा, पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"थांबा मावशी, साहेब आंघोळीत हायेत."

"लय येळ लागते का?"

"नमुने पाह्याले पाच मिनिटं लागते. आंघोळीले तास."

तेवढ्यात आतून आवाज आला, "सहदेव! पाणी गेलं!"

खिडकीतून साहेबाचं मुंडकं बाहेर. डोक्यावर शांपूचा एवढा फेस, का माह्या सगळ्या वावरात या साली तेवढा कापूस निघाला नाई. आत मोटर घर्र घर्र करून राह्यली, अन नळातून नुसती हवा.

"साहेब, हौद हाय माह्या वावरात," मी म्हनलं. "बादली आनू का?"

"बादली?" साहेब असे बोलले जसं मी इस्तव आनू का म्हनलं. "ते पाणी तपासलेलं आहे का? माझी त्वचा नाजूक आहे."

"मंग पयले वावर पाहून घ्या, मागून आंघोळ करा."

"बाई, गाडीतल्या सगळ्या सोयी चालू असल्याशिवाय कामाला सुरुवात करायची नाही, असा नियम आहे."

आयकलं? माही पऱ्हाटी महिनाभर सडून राह्यली, त्याले नेम नाई. साहेबाचा नळ बंद पडला, त्याले नेम हाय! सहदेवनं पुण्याले गाडीच्या कंपनीत फोन लावला. तिकून सांगतलं, दुरुस्तीवाला मानूस चार दिवसानं येईन. चार दिवस म्हनल्याबरोबर साहेबाचं तोंड पडलं. माह्या महिन्याले कोनाचं पडलं नवतं.

मी मंग समीनाले फोन केला. गुलाम रसूलची पोरगी. बाप होता तोवर थो फवारनीचे पंप दुरुस्त करे, आता दुकान हे चालवते. स्कुटीवर पान्याची पेटी घेऊन आली अन खिडकीतल्या फेसाकडं पाहून म्हने, "ताई, बरफ पडला का व तुह्या वावरात?"

"हसू नको. याचा नळ चालला तं माहा पंचनामा. जल्दी कर."

पोरीनं पलंगाखालचं फळकुट काढलं. तारेले दिवा लावून पाह्यला, पेटला. "करंट बराबर हाय." टाकीवर बोटं वाजवली. "पानीबी हाय." पायपाचे जोड दाबून पाह्यले, कुठून हवा घेत नवते. मंग मोटरीच्या तोंडची जाळी खोलली अन दोन बोटांनी आतून एक वात ओढली. वात निघतच गेली, निघतच गेली.

"हा कापूस कुठून आला बे सहदेव?" मी इचारलं.

सहदेव मान खाजवत म्हने, "साहेबानं अमडापूरची बोंडं नमुना म्हनून टाकीवर वाळत घातली होती. झाकन उघडं राह्यलं असन."

जाळी धुवून लावली, तरी हवाच. समीनानं मोटरीचं डोकं खोललं. आतला रबरी पडदा उभा फाटेल. पानी ओढू ओढू दम गेला बिचारीचा.

मी कपाळाले हात लावला. कपाशीनं मले बसवलं तं बसवलं, कपाशीवर उपाय शोधाले आलेल्या गाडीलेबी बसवलं!

"दुसरी मोटर पाह्यजे," समीना म्हने. "बारा व्होल्टची. आपल्या पाठीवरच्या बॅटरी पंपात असते तेच. पन दुकानात एक नाई, सगळ्या वावरात गेल्या." अन माह्याकडं पाहाले लागली.

मी समजली. माहा पंप वावरातल्या खोपडीत होता. पंचनाम्यासाठी मानूस काय काय देते! आनून देल्ला. तिनं त्याचं पोट फाडलं, मोटर काढली, सोड्याच्या पान्यानं धुतली, साबनानं धुतली, आठ बादल्या पानी त्यातून काढलं. तोंड जुळेना, तं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून क्लॅम्प आवळला.

"साहेब, खोला नळ!"

साहेबाच्या डोक्यावरचा फेस तोवर वाळून पापड झाला होता. नळ खोलला तं शावरमधून पानी असं सुटलं का साहेब "आई गं!" म्हनून भिंतीले चिपकले. सहदेवनं लगेच 'सोयी चालू' म्हनून फोटू काढून हापिसात पाठवला. एवढ्यात आतून, "हा वास कसला?"

समीनानं मले डोळा मारला, चूप राह्य. पन सहदेव भोळा. "काई नाई साहेब, मोटर मावशीच्या फवारनीच्या पंपाची हाय. वास राह्यते थोडा."

दार धाडकन उघडलं. टावेल गुंडाळून, अर्धा फेस डोक्यावर घेऊन साहेब पायऱ्या उतरले अन पळाले थेट माह्या वावरात! बांध वलांडला, पऱ्हाटीतून काट्याकुट्याची पर्वा न करता हौदापाशी गेले अन धप्पकन आत. पानी तपासेल हाय का, हे काई इचारलं नाई.

मीबी मांगून पोचली. म्हनलं, आलेच हायेत बांधावर तं पाहून घ्या. एकेक बोंड त्याहिच्या नाकासमोर फोडलं. एक अळी टावेलावर पडली, एक खांद्यावर.

"पाहिलं बाई, पाहिलं! सगळं गेलंय! शंभर टक्के! चला आता!"

मले वाटलं, जितली मी.

समीनानं तोवर नळ सोडून सोडून मोटरीचा वास घालवला होता, तवा साहेब गाडीत येऊन त्याच नळाखाली पुन्हा धुवून निघाले, कपडे चढवले, अन गालाले साबन लावून दाढी करत करत फारम भराले बसले. नुकसान शंभर टक्के, लिहिलं. मंग इचारलं, "फवारणी यंत्र आहे का? दाखवा."

मी रोडवर पडेल पंप उचलून दाखवला.

"यात मोटर नाही."

"मोटर तुमच्या नळाले हाय नं साहेब!"

"ते फारममध्ये येत नाही. यंत्र अपूर्ण, म्हणजे 'नाही'. आणि यंत्र नसेल तर कारण पडतं, शेतकऱ्याचे दुर्लक्ष. मग पंचनामा नामंजूर." असं म्हनून त्याहिनं एक गाल साफ केला.

माह्या अंगाची लाही झाली. सात फवारन्या त्याच पंपानं केल्या मी! पाठीचं कातडं निघालं! ज्या मोटरीनं याचं डोकं धुतलं, तेच मोटर नाई म्हनते?

"समीना, पाना आन."

"कायले ताई?" तिनं इचारलं, पन पाना अगोदरच हातात होता. पलंगाखाली घुसली. नळानं एक उचकी घेतली अन पानी बंद. साहेबाच्या दुसऱ्या गालावर साबन तसाच.

"अहो, हे काय! ही गाडीची मोटर आहे!"

"गाडीची?" समीना आतूनच म्हने. "मंग बिल दाखवा."

बिल कुठून दाखवन? साहेबानं साबनाच्या गालाले हात लावला, नळ उलटा-सुलटा फिरवून पाह्यला. "बरं, बरं. 'आहे' लिहितो. झालं? दुर्लक्ष खोडतो. आता बसवा ती परत."

लिहिलं. खोडलं. सही केली, शिक्का मारला, एक परत मले देल्ली. मी कागद घडी करून पोलक्यात ठेवला अन मोटर समीनाच्या हातातून घेऊन माह्या पंपात टाकली.

"अहो, आता बसवा ना!"

"कशी बसवू साहेब? तुमीच लिहिलं नं, यंत्र हाय म्हनून. मोटर तुमच्या नळाले राह्यली तं सरकारी कागद खोटा पडन."

समीना तोंडाले पदर लावून स्कुटीकडं गेली. सहदेवनं गाडी चालू केली. मले कीव आली. हौदातून बादली भरून आनली अन पायरीवर ठेवली.

या बारीले साहेबानं घेतली.

मी ट्रॅक्टरवाल्याले फोन लावला, "ये रे बाबा, पऱ्हाटी मोडाची हाय. ओल हाय तोवर हरभरा पेराचा, जल्दी ये."