मोसंब्याचा बर्फ

सोनईच्या काकासाहेबांनी लेकीच्या लग्नात पाहुण्यांना मोसंब्याचा बर्फ खाऊ घालायचं मनावर घेतलं, आणि त्यापायी दोन माणसांचे उजवे हात कायमचे अधू झाले.

हा बर्फ करणारा यशया त्याच गावच्या महारवाड्यातला. आज्याच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. जर्मनची लढाई चालू होती तोवर तो नगरच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये कामाला होता. तिथं बुटलराच्या हाताखाली तो सरबत गोठवायला शिकला. लढाई संपली, साहेब पांगले. बुटलरानं जाताना सरबत गोठवायचा एक जुना पॉट त्याच्या गळ्यात टाकला, तो घेऊन यशया बायकोसकट गावी परतला. बायको दीना. राहुरीकडची, हाडापेरानं दणकट आणि तोंडानं तिखट.

नगरच्या कारखान्यातून बर्फाची लादी भुशात घालून, वर गोणपाट गुंडाळून मोटारीच्या टपावरून यायची. दीना आधी टोच्यानं तिला भेगा पाडायची, मग लाकडी मोगरीनं ठेचायची. लाकडी बादलीत मधोमध कल्हईचा डबा, त्याच्याभोवती बर्फाचा आणि खडेमिठाचा थर, आणि मग दांडा फिरवत बसायचं. डब्यात मोसंब्यांचा रस, साखरेचा पाक आणि वरून लिंबू. दूध नाही, साय नाही. रस घट्ट व्हायला लागला की दांडा जड होतो, खांदे भरून येतात. तेव्हाच हात थांबला तर रसाचे दगड होतात. दीनाचा हात थांबायचा नाही. झाकण काढलं की आत फिकट पिवळा, भुरभुरीत बर्फ. जिभेवर ठेवला की क्षणात नाहीसा होई, आणि मागं मोसंब्याची जराशी कडसर चव राही.

काकासाहेब गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी हा बर्फ पहिल्यांदा मळ्यातल्या विहिरीवर, कुणी बघत नसताना खाल्ला. मग त्यांना त्याची चटकच लागली. मनाची टोचणी जावी म्हणून त्यांनी भटजींना विचारलं. भटजींनाही तो आवडला होता. ते म्हणाले, "त्यांच्या हातचं पाणी चालत नाही. पण बर्फ यंत्रातून येतो, आणि फळाला विटाळ नसतो."

"म्हंजी पानी थिजलं की त्याची जात जाती," असं म्हणून काकासाहेब खूप हसले होते.

लग्नाच्या सकाळी मात्र ते हसत नव्हते. मांडवामागं गोठ्याजवळ पॉट मांडला होता, तिथं येऊन ते हळूच म्हणाले, "यशया, वरपक्ष गोदागंगेपलीकडचा हाय. लई जुन्या वळनाचा. कुनी इचारलं तर नगरचा हाटेलवाला म्हन."

"खोटं बोलाया लावू नका, मालक."

"मग बोलूच नको. मुकाट द्रोन भर."

दीनाला तेव्हाच वाटलं होतं, पॉट उचलावा आणि घरी जावं. पण पंगत उठली, द्रोण जाऊ लागले, आणि ती ते विसरली. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या डोळे मिटून बर्फ चघळत होत्या. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून दुसरा द्रोण मागून घेतला. बाहेर ऊन असं की मांडवाचे बांबू चटके देत होते, आणि माणसं एकमेकांना जिभा दाखवून लहान लेकरांसारखी हसत होती. घामानं निथळत दांडा फिरवताना दीनालाही हसू आलं.

नवरदेवाचा चुलता रंगनाथ स्वतःच गोठ्याकडं आला. गप्पांच्या नादात त्याच्या द्रोणातला बर्फ विरघळून गेला होता. त्यानं द्रोण तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला आणि यशयापुढं धरला.

"घाल आजून. हात चांगला हाय तुझा. कुठला रं तू?"

यशया खाली मान घालून द्रोण भरू लागला.

"मुका हाईस का?"

"न्हाई," यशया म्हणाला. "हितलाच हाय. महारवाड्यातला. यशया माझं नाव."

रंगनाथनं ओठ पुसले. पुन्हा पुसले. मग त्यानं यशयाच्या थोबाडीत इतक्या जोरानं मारली की तो बादलीवर कोसळला. बादली कलंडली, मीठबर्फाचा राडा झाला आणि यशया त्यात पडला. आवाज ऐकून वरपक्षाची माणसं धावली. काय झालं ते कळल्यावर कुणी लाथा घातल्या, कुणी सोडलेल्या गाडीच्या जुवातली शिवळ, बैल अडकवायचा दांडका, उपसून पाठीत हाणली. दीना मध्ये पडली, तर एकानं तिचे केस धरून तिला मागं ओढलं. यशया ओरडत नव्हता. फुटलेल्या तोंडानं तो पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होता, "मी खोटं न्हाई बोललो."

काकासाहेब धावत आले. आता हे थांबेल, असं दीनाला वाटलं.

"रंगनाथराव, बर्फ हाय तो. पानी न्हवं. भटजींनी सोता—"

"मी पानी प्यालोय," रंगनाथ म्हणाला. "तुमाला ठावं हुतं का न्हाई, येवढंच सांगा. का नवरदेव उठवू?"

काकासाहेबांनी मांडवाकडं पाहिलं. आत हळदीच्या अंगानं लेक बसली होती; अक्षता अजून पडायच्या होत्या.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्यानं फसवलं आमाला."

"मंग करून दावा."

कुणीतरी बर्फाची मोगरी त्यांच्या हातात दिली. दोघांनी यशयाचा उजवा हात बादलीच्या काठावर दाबून धरला. काकासाहेबांनी यशयाकडं बघितलं नाही. मोगरी उचलली आणि मारली. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. आता यशया ओरडला. काकासाहेबांनी दुसऱ्यांदा मारली.

दीनाचे केस धरणारा ते बघण्यात गुंगला होता. तिनं हिसडा मारला. मूठभर केस त्याच्या हातात राहिले. गोणपाटावरचा टोचा तिच्या हातात आला, आणि काकासाहेबांनी तिसऱ्यांदा मोगरी उगारली तेव्हा तिनं तो त्यांच्या उजव्या मनगटाच्या वर आरपार घुसवला. घुसवून पिळला. मोगरी गळून पडली. काकासाहेब गुडघ्यावर बसले आणि त्यांचं रक्त पिवळ्या बर्फावर पडू लागलं.

रंगनाथ पुढं झाला. दीनानं टोचा उपसून त्याच्याकडं वळवला.

"ये," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तू पानी प्यालास. आता हे बी घे."

तो जागीच थबकला. बाकीचेही थबकले. तेवढ्यात काकासाहेबांचाच गडी गोरक्षनाथ रिकामी बैलगाडी वळवून आला. मालकाकडं न बघता त्यानं यशयाला बगलेत धरून गाडीत घातलं. "बस वयनी," म्हणाला, आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

संध्याकाळी यशयाचं घर पेटवलं गेलं. लग्न पार पडलं; प्रायश्चित्त घेऊन वरपक्ष नवरीसह परतला. फौजदाराकडं मात्र कुणीच गेलं नाही. फिर्याद द्यायची तर कुणाच्या हातचं खाल्लं तेही काकासाहेबांना सांगावं लागलं असतं. त्यांची बोटं पुढं वाळत गेली; डाव्या हातानं जेवणं निषिद्ध, म्हणून त्यांना दुसऱ्यानं घास द्यावा लागे.

यशयाचा हात मिशनच्या दवाखान्यात बांधला, पण मूठ काही पुन्हा वळली नाही. दोघं बेलापूर रोड स्टेशनजवळ राहायला गेले. तिथं दीनानं नवा पॉट मांडला. यशया डाव्या हातानं मोसंबी पिळायचा आणि चव बघायचा.

पुष्कळ दिवसांनी एकदा मोसंबी पिळतापिळता तो म्हणाला, "तू मारायला नको हुतं, दीना. प्रभूनं दुसरा गाल पुढं कर म्हनलंय."

"गाल म्हनलंय," दीना म्हणाली. "हात पुढं कर म्हनलेलं मला दाव."

त्या दिवसापासून सकाळच्या प्रार्थनेत यशया काकासाहेबांचं नाव घेऊन त्यांच्या हातासाठीही मागू लागला. दीना शेजारी डोळे मिटून बसायची, आजारी शेजाऱ्यांसाठी, पावसासाठी, सगळ्यांसाठी आमेन म्हणायची. त्या नावाशी आली की गप्प व्हायची, आणि त्याचं मागणं संपायच्या आत उठून बर्फ फोडायला लागायची.