बेडकाचे दात

कवळीकाकांना किळस फार लवकर येई. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या तोंडांचे ठसे घेऊन खोटे दात घडवण्यात घालवलं होतं. त्या कामात मात्र त्यांना कधी मळमळलं नाही. मळमळलं ते बागसजावटीच्या दुकानात, आणि तेही दारातच.

दारात सिमेंटचा बेडूक बसला होता. वासराहून थोडा लहान. रंग हिरवा, पण कुठल्याही जिवंत प्राण्याने अंगाला लावून घेतला नसता असा. तो हसत होता आणि हसताना त्याचे दात दिसत होते. पांढरेफेक, एका मापाचे, ओळीत उभे. मधल्या फटीतून पाण्याची पिचकारी उडत होती.

"अगं, बेडकाला दात?"

"तुम्हाला जिथे तिथे दातच दिसतात," काकू म्हणाल्या. "चला आत."

काकूंची थोरली बहीण पुढच्या आठवड्यात राहायला येणार होती. तिच्या बागेत दोन हंस, एक कारंजं आणि छाटून छाटून चेंडू केलेली झुडपं होती. काकूंच्या बागेत एक जास्वंद होती. वाकडी, अंगभर पांढरा मावा, आणि माव्यामागे मुंग्यांची रांग. काका रोज सकाळी तिच्याजवळ स्टूल टाकून चहा पीत, साबणाच्या पाण्याने तिची पानं पुसत आणि उरलेला चहा तिच्या बुंध्याशी ओतत. काकूंना मावा बघूनच शिसारी येई. ताई यायच्या आधी ती जास्वंद जाणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आत सगळं भयंकर होतं. झाडाच्या खोडाला चिकटवायचे डोळे आणि नाक. लाल टोप्यांचे बुटके म्हातारे, एकजात अंगठा चोखल्यासारखे खूश. फुलं तोडायला वाकलेली एक सिमेंटची बाई, जिची फक्त पाठच घडवली होती, कारण गिऱ्हाइकाला तेवढीच हवी असावी. खाली प्लॅस्टिकचं गवत. त्यावर चालताना काकांना दुसऱ्याच्या ओल्या टूथब्रशवरून चालल्यासारखं वाटलं. मांडण्यांवर खरी झाडं आणि खोटी झाडं शेजारी शेजारी, आणि वर पाटी: 'कृपया हात लावू नये.' खऱ्या झाडांना तेल चोपडून इतकं चकचकीत केलं होतं, की तीही बिचारी खोटी वाटत होती.

"सगळं खोटं," काका म्हणाले. "ओकारी येते."

"तुम्ही काय वेगळं करता?"

"मी खोटं करतो, पण लाज राखून. आणि म्हणूनच मला खोटं लांबून कळतं. त्यावर पोट चाललंय माझं."

काकूंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. भांडण पैजेवर येण्याच्या बेतात आलं की त्या असं करत.

"मग दाखवा निवडून. हात न लावता, एक खरं झाड. तुमचं खरं निघालं तर तुमची जास्वंद राहिली, माव्यासकट. ताईला मी सांगेन, यांची लाडकी आहे म्हणून. खोटं निघालं तर तिच्या जागी तो बेडूक."

"तो दारातला?"

"तोच. हसरा आहे. घरात कोणीतरी असावं."

काका मांडणीपुढे उभे राहिले. खरं तर त्यांना हसूच येत होतं. धंद्यातलं त्यांचं एकच तत्त्व होतं: निर्दोष दात फक्त खोट्या तोंडात असतात. म्हणून त्यांच्या प्रत्येक कवळीत एक दात किंचित तिरका असे, हिरडीपाशी थोडा पिवळेपणा असे. त्यांच्या कवळ्या घालून माणसं लग्नाला उभी राहिली होती आणि सासरच्यांना पत्ता लागला नव्हता. तेव्हा इथेही दोषच शोधायचा. चकचकीत पानं त्यांनी नजरेनंच बाजूला सारली. कोपऱ्यात एक रोप मान टाकून उभं होतं. एका पानाची कड करपलेली, दुसऱ्याला किडीनं खाल्लेलं भोक, देठाशी तपकिरी डाग.

"हे," काका म्हणाले. "याला कीड लागलीय. खोट्याला कोण कीड लावत बसतो?"

हा प्रश्न जगात निदान काकांनी तरी विचारायला नको होता.

"वा, साहेब! नजर आहे तुम्हाला!" दुकानदार हात चोळत धावत आला. "आमचा सगळ्यात वरचा माल. कीड लावलेला नवीनच आलाय. बिनकिडीच्या पानांना आता कोणी विचारत नाही हो."

काकूंनी पुढे होऊन ते भोकवालं पान नखानं खरवडलं. पाटीचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. पान करकरलं. त्या हसल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बेडूक बांधून द्या."

जास्वंद मुळासकट निघाली. मुंग्या दोन दिवस तिथे येऊन रांगेनंच परत जात होत्या. मग प्लॅस्टिकचं गवत आलं, त्यावर बेडूक आला, आणि शेवटी ताई आल्या. बेडकाला डावीकडून, उजवीकडून न्याहाळून त्या म्हणाल्या, "छान आहे गं. दात तेवढे कवळी बसवल्यासारखे वाटतात."

मग काकांकडे वळून, "तुमचं काम का, भाऊजी?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी काका कानस आणि रंगाच्या बाटल्या घेऊन बाहेर गेले. त्या थंड, ओल्या, शेवाळी वास येणाऱ्या जबड्यात बोटं घालताना त्यांना खरोखरच उमासे आले. पण हात थांबला नाही. वरचा एक दात त्यांनी घासून तिरका केला, हिरडीपाशी पिवळा रंग दिला, मागे तपकिरी डाग रंगवला. दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि पुन्हा जाऊन डाग जरा पुसट केला.

"आता कसा जिवंत वाटतोय!" खिडकीतून काकू म्हणाल्या. "आधीच का नाही केलंत?"

काकांनी साबणानं हात धुतले. वास गेला नाही. चहाचा कप घेऊन ते स्टुलावर बसले, नळ सोडला. तिरक्या दातामुळे पिचकारी आता वाकडी उडत होती. ती थेट त्यांच्या कपात पडली. त्यांनी उठून तो चहा सवयीनं जास्वंदीचा बुंधा होता तिथेच ओतला. प्लॅस्टिकच्या गवतावर तो तसाच साचून राहिला.