शेवटच्या अंकावरचे भाषण

रविवारी संध्याकाळी सात वाजता, निगडी प्राधिकरणातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत मी प्रभाकररावांचे भाषण गिळले.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. रेडिओही माझ्यातच आहे. वय झाले म्हणून कॅसेट अडकली, असे लोक म्हणतात. तसे नाही.

मला मृदुलाबाईंनी आणले. चिंचवडच्या एका कंपनीतून जर्मनीला निघालेल्या इंजिनिअरांना त्या जर्मन शिकवत. त्या भाषेबरोबर त्यांना ऑपेराचे वेड लागले. ऑपेरा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन केलेले नाटक. शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्र लागे, आवाज शिट्ट्या मारत लांबून येई. मृदुलाबाई माझी एरियल तारेने खिडकीच्या गजाला बांधत आणि रेकॉर्डचे बटण दाबत. मिक्सरने खरखर येते, म्हणून त्या वेळी घरात चटणी वाटायची नाही, असा नियम होता.

एक चार अंकी ऑपेरा त्यांना असा पूर्ण मिळाला. त्यात फसवली गेलेली राणी शेवटच्या अंकात सूड घेते. एकाच कॅसेटच्या एका बाजूला तिसरा अंक, दुसऱ्या बाजूला चौथा. त्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून मृदुलाबाईंनी कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे तोडून टाकले. लहानग्या लेकीला, अनुयाला, जवळ घेऊन त्या सांगत, "ऐक, आता ती रडत नाहीये. आता ती ठरवतेय."

त्यांचे यजमान प्रभाकरराव पाहुण्यांना सांगत, की आमच्याकडे दर रविवारी एका बाईच्या मागे वाघ लागतो. पाहुणे हसत. मी फळीवरून ऐकत असे.

पुढे प्रभाकरराव भोसरीच्या कारखान्यात मॅनेजर झाले. सत्काराच्या दिवशी घरात कोरी कॅसेट सापडेना. त्यांनी तुटक्या जागेवर चिकटपट्टी लावली, मला सोबत नेले आणि राणीच्या सुडावर स्वतःचे भाषण रेकॉर्ड केले. मृदुलाबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, ती बाई गाईल की परत कुठेतरी. माझा सत्कार एकदाच होणार."

ते गाणे त्या केंद्रावर परत लागले नाही. मृदुलाबाई भांडल्या नाहीत. तिसरा अंक संपला की मला बंद करत, एवढेच. त्या दिवसापासून माझा त्या भाषणावर दात होता.

मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो. यंदा प्रभाकररावांची पंचाहत्तरी. वडिलांचे जुने भाषण सर्वांना ऐकवावे, असे अनुयाच्या मनात आले. चिंचवडला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या युसुफभाईंनी मला नवा पट्टा घातला. मला घ्यायला मृदुलाबाई गेल्या होत्या. त्यांना युसुफभाईंनी बजावले, "ताई, फीत ओढणारा रोलर चिकट झालाय. महत्त्वाची कॅसेट घालू नका, खाऊन टाकेल."

मृदुलाबाईंनी मान डोलावली. घरी कोणाला सांगितले नाही. हॉलमध्ये कॅसेट त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

"मित्रहो, ही कंपनी म्हणजे माझं..." इतके झाले आणि मी फीत ओढायला लागलो. आवाज आधी जड झाला, मग म्हशीसारखा हंबरला. मागच्या रांगेत खसखस पिकली. प्रभाकरराव उठून म्हणाले, "अगं, बंद कर ते."

मृदुलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "शेवटचा अंक आहे. पूर्ण ऐकू या."

मी आणखी ओढली. मला वाईट वाटले नाही, आजही वाटत नाही. मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांच्यावरची धूळ झटका. पण त्याआधी, दुसऱ्याने जपलेले पुसू नका. आम्ही तक्रार करत नाही, विसरतही नाही.

एक गोष्ट राहिली. फीत दोन्ही बाजूंना एकच असते. मी जी गुंतवली, तिच्यावरच राणीचा तिसरा अंकही आहे. मृदुलाबाईंच्या हे लक्षात होते का त्या क्षणी त्या विसरल्या, मला माहीत नाही.

सध्या मी युसुफभाईंच्या टेबलावर उघडा पडलो आहे. काहीही करा, भाषण वाचवा, असे प्रभाकररावांनी कळवले आहे. आताच युसुफभाईंनी मृदुलाबाईंना फोन लावला. "ताई, हळूहळू सोडवली तर दोन्ही बाजू वाचतील. कापली तर दोन्ही जातील. काय करू?"

पलीकडून अजून उत्तर आलेले नाही. फोन चालू आहे.