कमानीच्या पोलादाचे कोयते

१९३५ सालच्या हिवाळ्यात लासुर्ण्याच्या कुंडलिक लोहाराने मोटारीच्या चाकावरच्या मोडक्या कमानीच्या पट्ट्यांचे सात कोयते घडवले. असं पोलाद त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. कालव्याखालच्या शिवारात ऊसतोड जोरात होती आणि साध्या लोखंडाची धार दोन दिवसांत बोथट व्हायची. त्याने पाती लाल केली आणि नेहमीसारखी पाण्यात बुडवली. धारेवर कानस फिरवली, तर ती न लागता नुसतीच घसरली, इतकं पातं कडक झालं होतं. कुंडलिक खूश झाला. भाता ओढणारी त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली, पाण्यात घालताना आवाज वेगळा आला, काहीतरी टिचल्यासारखा. त्याने मनावर घेतलं नाही. कोयते गेले.

आठवड्याने झुंबर नावाचा ऊसतोड्या अर्धा कोयता घेऊन दारात उभा राहिला. उसाचा बुडखा तोडताना पातं दगडावर बसलं आणि मोडलं. उडालेला तुकडा मोळी बांधत बसलेल्या त्याच्या बायकोच्या कानाजवळून गेला आणि पदर फाडून मातीत रुतला. झुंबर भांडला नाही. दुसरा कोयता द्या, काम अडलंय, एवढंच म्हणाला. कुंडलिकने घरातला स्वतःचा जुना कोयता त्याला दिला.

तो गेल्यावर कुंडलिक मोडलेली कड उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. पातं जरासुद्धा वाकलं नव्हतं. काच फुटावी तसं फुटलं होतं.

"तुला ऐकू आलं हुतं," तो द्वारकाबाईला म्हणाला. "पाणी जादा बसलंय, पोलाद ठिसूळ झालंय. सगळ्याच कोयत्यांना."

तिने भात्याची दोरी हातात घेतली.

छिन्नीला पाणी दिल्यावर तो ती पुन्हा मंद तापवून पाणी उतरवायचा, म्हणजे जादा कडकपणा काढायचा. कोयत्याला कधी त्याची गरज पडली नव्हती. गावातले तीन कोयते त्याने दुपारपर्यंत मागून आणले. पात्याची एक बाजू दगडाने घासून चकचकीत करायची, तापलेल्या जाड पहारीवर पाठीकडून पातं टेकवायचं आणि रंग चढताना बघायचा. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेशी आला की उचलायचं. तिन्ही झाले, पण त्याला जेवण गेलं नाही. कालव्यावरच्या गुऱ्हाळात दोन होते. तिथे तो संध्याकाळी धावतच गेला आणि गुळाच्या चुलवणावरच ते उतरवून आला.

राहिला एक. तो निमगाव केतकीच्या रामहरीकडे होता, चार-पाच कोस लांब. झुंजुमुंजू होताच कुंडलिक पोत्यात कानस, हातोडी, दगड, सांडशी घालून निघाला. वाटेत बैलगाडीवाल्याने बस म्हटलं, तर गाडी सावकाश चालते म्हणून तो चालतच राहिला. आता या घडीला रामहरीने कुठल्या दगडावर घाव घातला असेल, एवढंच डोक्यात.

रामहरी फडात होता. त्याची बायको फुलाबाई पाचट ओढत होती. कोयता मागितल्यावर रामहरीने तो पाठीमागे धरला. आठ दिवस धार लावावी लागली नाही, असा कोयता आजवर हाती आला नव्हता म्हणे. कुंडलिकतात्यांना तो दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल, असा त्याला संशय आला.

कुंडलिक उन्हात उभा राहिला. घाम पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"रामहरी, धार चांगली हाय ती माझ्या चुकीनं हाय," तो म्हणाला. "असाच एक काल मोडला. झुंबरच्या बायकोचा कान थोडक्यात वाचला. फुलाबाई तुझ्या फुडंच बसत्यात न्हवं?"

फुलाबाई पुढे आली, तिने नवऱ्याच्या हातातून कोयता काढून घेतला आणि कुंडलिकला दिला.

"घरी चूल हाय, चला," ती म्हणाली.

रामहरीच्या घरची पहार चुलीत लाल व्हायला वेळ लागला. कुंडलिक उठत होता, बसत होता, फुंकणी मारत होता. शेवटी पात्यावर गव्हाळ रंग धरला, पुढे सरकला, जांभळा झाला. त्याने कोयता उचलला, निवू दिला, अंगणातल्या दगडावर जोरात मारला. फुलाबाईने डोळे मिटले. पातं मोडलं नाही. धार तेवढी एका ठिकाणी दुमडली. कुंडलिकने ती हलक्या हातोडीने सरळ केली, कानशीने काढली, दगडावर परतवली.

रामहरीने अंगठा आडवा फिरवला. "पयल्यागत न्हाय, तात्या."

"न्हाय. चार दिसांनी लावावी लागंल. मी येऊन लावून देत जाईन."

"तुमी कशाला एवढं चालताय? कानस कशी धरायची ते दावा, मीच लावीन."

कुंडलिकने दाखवलं. कानस धारेवर आडवी घासायची नाही, पाठीकडून धारेकडे एका अंगाने सारायची, मग उलट्या बाजूने तेवढीच. रामहरीचा हात लवकर बसला. तेव्हा कुठे कुंडलिकने फुलाबाईने पुढे केलेली भाकरी घेतली आणि उभ्या उभ्याच खाल्ली.

परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसतोड चालली होती. सातही कोयत्यांचा हिशेब लागला होता, तरी घावाचा आवाज आला की तो थांबायचा, बांधावर चढून कोयत्याकडे बघायचा. एका फडातल्या म्हाताऱ्याने विचारलं, काय हरवलंय का?

"न्हाय," कुंडलिक म्हणाला, आणि पुढच्या आवाजापर्यंत चालत राहिला.